दहा नियम पाठ करून स्क्रीन काढता येत नाही

सरळ मुद्द्यावर येतो. आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत यूजर इंटरफेस हा विषय ज्या पद्धतीने शिकवला जातो ती पद्धत बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. "सुधारणेला वाव आहे" वगैरे गुळमुळीत भाषा नको. बंदच करावी. ज्या वर्गात तो स्क्रीन वापरणारा माणूस कधी पाऊलच टाकत नाही, त्या वर्गात यूआय शिकवला जात नाही. तिथे फक्त यूआयबद्दल लिहायला शिकवलं जातं, आणि ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पोहण्यावर निबंध लिहून कोणी पवईच्या तलावात उडी मारत नाही (तशीही मारू नये, तिथे मगरी आहेत).

ज्यांनी हा विषय घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेवटच्या वर्षाला ह्यूमन मशीन इंटरॅक्शन नावाचा पेपर. पहिल्या युनिटमध्ये डोनाल्ड नॉर्मनचं दार, म्हणजे ढकलायचं की ओढायचं हेच कळत नाही असं दार. मग याकोब नील्सनचे दहा नियम. दहा नियम, दहा मार्क, हिशोब सोपा. पाठ करायला पोरं पहिल्या अक्षरांचा मंत्र बनवतात, जसा आपण शाळेत इंद्रधनुष्याच्या रंगांचा करायचो. आणि प्रॅक्टिकल? कुठल्याही वेबसाइटचा स्क्रीनशॉट घ्यायचा, त्यातलं चांगलं काय आणि वाईट काय ते लिहायचं, फाईलला लावायचं, सही घ्यायची. झालं! आमच्या अख्ख्या बॅचने चार वर्षांत एकदाही अशा माणसाला स्क्रीन दाखवला नाही जो आमच्या वयाचा नाही, इंजिनीअर नाही आणि ज्याचं इंग्रजीवाचून काही अडत नाही. आणि मग नोकरीला लागल्यावर आम्ही स्क्रीन कोणासाठी बनवतो? गोडाऊनमधल्या माणसासाठी, हॉस्पिटलमधल्या सिस्टरसाठी, बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या बाईंसाठी!

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? बटण इकडे काय नि तिकडे काय. शिकतील हळूहळू.

बरं. घाटकोपर किंवा अंधेरी स्टेशनवर जा. लोकलचं तिकीट देणारी ती टच स्क्रीनची मशीनं बघा, एटीव्हीएम. खिडकीवरची गर्दी कमी व्हावी, माणसाने स्वतःचं तिकीट स्वतः काढावं म्हणून ती बसवली. आणि त्या मशीनशेजारी कोण उभं असतं? रेल्वेतून रिटायर झालेले एक काका. रेल्वेनेच त्यांना कमिशनवर नेमलेलं आहे. तुम्ही स्टेशनचं नाव सांगायचं, पैसे द्यायचे, ते टकाटक चार ठिकाणी बोट लावतात आणि तिकीट तुमच्या हातात. काका भलतेच फास्ट असतात, त्यांच्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पण गंमत बघा. खिडकीमागचा माणूस हटवायला मशीन आणलं आणि मशीन चालवायला माणूस उभा केला. म्हणजे खिडकीच बाहेर आली की हो!

ही झाली गंमत. आता गंमत नसलेली गोष्ट.

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका कॉम्प्युटरच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. १७ लाखांहून जास्त उत्तरपत्रिका. त्या स्कॅन करायच्या आणि प्राध्यापकांनी लॉगिन करून स्क्रीनवर मार्क द्यायचे. निर्णय कधी? परीक्षांचा हंगाम तोंडावर आला तेव्हा. पुढे काय झालं ते तेव्हा शिकत असलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. नियमाप्रमाणे ४५ दिवसांत लागायला हवेत ते निकाल रखडले. कुलपती असलेल्या राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही उलटली. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, पुढच्या प्रवेशासाठी गुणपत्रिका हातात नाही म्हणून पोरं अडकली. आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुखांना पदावरून दूर केलं गेलं. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठावर ही वेळ पहिल्यांदाच आली.

लगेच कोणीतरी म्हणेल की हा यूआयचा प्रश्न नव्हता, स्कॅनिंगचा होता, नियोजनाचा होता. मान्य! पण माझा मुद्दा नेमका तोच आहे. पाच प्राध्यापक आणि परीक्षा विभागातले दोन क्लार्क एका टेबलाभोवती बसवून, कागदावर खोटे स्क्रीन काढून, "सर, हा पेपर तपासून दाखवा" एवढं एक दुपारभर केलं असतं तर काय काय बाहेर आलं असतं? मी कुठल्या कॉम्प्युटरवर बसू? कॉलेजात चालू कॉम्प्युटर किती? पुरवणी कुठे दिसेल? पान उलटं स्कॅन झालं तर कोणाला सांगू? हे प्रश्न विचारायला आर्किटेक्ट लागत नाही. तीस वर्षं पेपर तपासलेले सर लागतात. आणि असा माणूस टेबलाशी बसवायचा असतो ही सवय आपल्याला कुठे लागणार होती? वर्गात. तिथे लागली नाही.

बरं, हे खूळ माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग आपण सगळे शिकलो. क्लास, ऑब्जेक्ट, इन्हेरिटन्स, "रिअल लाइफ उदाहरण द्या" म्हटलं की प्राणी आणि कुत्रा. ही कल्पना ज्या सिम्युला भाषेतून आली ती १९६० च्या दशकात नॉर्वेच्या क्रिस्तेन नायगार्ड आणि ओले-योहान दाल यांनी बनवली. त्यासाठी दोघांना २००१ चं ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. इथपर्यंत पुस्तकात असतं. पुढचं नसतं. याच नायगार्डने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर काम केलं. कारखान्यांत कॉम्प्युटर येत होते, कामाचं नियोजन मशीन ठरवणार होतं आणि कामगारांना कोणी विचारत नव्हतं. नायगार्ड आणि त्याच्या सोबत्यांनी कामगारांचे गट बसवले, त्यांच्यासाठी पुस्तकं लिहिली, ही यंत्रणा काय आहे आणि तिच्याकडून आपल्याला काय हवं हे त्यांनीच ठरवावं म्हणून. त्यातून गोष्टी इतक्या पुढे गेल्या की १९७५ साली तिथल्या कामगार महासंघ आणि मालक संघटना यांच्यात राष्ट्रीय पातळीवर करार झाला. कामाच्या जागी नवी कॉम्प्युटर यंत्रणा आणताना कामगारांना आधी माहिती द्यायची, त्यांचं म्हणणं ऐकायचं, हा त्यांचा हक्क ठरला.

त्यानंतर स्वीडन-डेन्मार्कच्या मंडळींचा युटोपिया प्रकल्प, १९८१ ते ८५. वर्तमानपत्रात पानं लावणारे कामगार आणि संशोधक एकत्र. सुरुवातीला संशोधकांनी आपल्यासारखेच डायग्राम काढून दाखवले आणि कामगारांना त्यात काडीचाही रस वाटला नाही. मग त्यांनी पुठ्ठा, लाकूड आणि कागद वापरून नकली कॉम्प्युटर बनवले. एक रिकामा खोका ठेवला आणि त्यावर लिहिलं, डेस्कटॉप लेझर प्रिंटर. टेबलावर मावणारा असा प्रिंटर त्या काळी नवलाचीच गोष्ट होती. पण खोका समोर आल्याबरोबर कामगार सांगायला लागले की मी इथे बसेन, हे पान इथून काढेन, हा खोका इथे चालणार नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याने जे काम केलं ते डायग्रामने केलं नव्हतं.

म्हणजे ज्या माणसाच्या डोक्यातून क्लास निघाला त्याचा क्लास आपण शिकतो, आणि त्याने कामगारांबरोबर जे केलं ते वर्गाबाहेर ठेवतो. सोयीचं तेवढं घेतलं.

बरं, नॉर्वे लांब आहे. साकीनाक्याहून साकी विहार रोडने निघालात तर (ट्रॅफिकची कृपा असेल तर) थोड्याच वेळात आयआयटी लागते. तिथलं इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर १९६९ पासून आहे. तिथल्या अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास मोबाइलसाठी स्वरचक्र नावाचा कीबोर्ड आणला. मराठी टाइप करताना ज्यांनी केस उपटलेत त्यांना यातली मजा कळेल. १९८६ चा सरकारी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड तर्काला धरून आहे, सवय झाली की झकास चालतो, पण नव्या माणसाला त्यावर ळ शोधायला पंचांग लागतं. स्वरचक्रात अक्षरं कशी मांडली? क ख ग घ ङ, च छ ज झ ञ. शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखी! क वर बोट दाबून धरलं की भोवती का कि की कु चं चक्र उघडतं. वापरणाऱ्याच्या डोक्यात जे आधीपासून आहे तिथून सुरुवात. बाराखडी ज्याला येते त्याला अर्धा कीबोर्ड आधीच येतो. हे दहा नियमांतून निघत नाही. माणूस काय शिकून आलाय हे पाहिलं की निघतं.

आता मी स्वतः काय करतो ते सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतं बडबडतोय. इकडच्याच एका कॉलेजात (नाव सांगत नाही, उगाच प्राचार्यांना त्रास नको) ओळखीच्या एका मॅडमनी मला शनिवारचा दोन तासांचा प्रॅक्टिकल स्लॉट दिला. वीस पोरांची बॅच. माझी अट एकच, वर्गात दोन पाहुणे येणार आणि त्यांचा त्या दिवशीचा बुडालेला रोज आपण द्यायचा. ही अट महत्त्वाची आहे. पीसवर काम करणारा माणूस दोन तास तुमच्या वर्गात बसतो म्हणजे त्याचे दोन तासांचे पीस बुडतात. त्याला "समाजसेवा म्हणून या" सांगणं हा निर्लज्जपणा आहे.

पाहुणे कोण? खैरानी रोडवरच्या एका युनिटमध्ये शर्ट शिवणारा कारागीर आणि जरीमरीच्या एक ताई, ज्या घरी बसून तयार कपड्यांचे धागे कापतात. विषय असा: किती पीस झाले याची नोंद. सध्या ठेकेदाराच्या डायरीत असते. आठवड्याला हिशोब होतो आणि आठवड्याला वाद होतो.

पद्धत साधी. पहिला तास लॅपटॉप बंद. पाच-पाच जणांचे चार गट, चार्टपेपर, स्केचपेन. आधी पाच मिनिटं प्रत्येकाने गप्प बसून स्वतःचा स्क्रीन काढायचा. हे केलं नाही तर गटातला टॉपर काढतो आणि बाकीचे माना डोलावतात. मग एकत्र बसून एक स्क्रीन. मग पाहुण्याच्या हातात कागद द्यायचा आणि सांगायचं, "आज चाळीस पीस झाले, लिहा." पाहुण्याचं बोट म्हणजे माउस. गटातला एक पोरगा कॉम्प्युटर होतो, बोट लागेल तसा पुढचा कागद समोर सरकवतो. बाकीच्यांनी तोंड बंद ठेवून बघायचं आणि लिहायचं. आपला स्क्रीन समजावून सांगायला सक्त मनाई. सगळ्यात अवघड काय असेल तर हेच!

पहिल्या गटाने काय काढलं असेल ओळखा. ईमेल टाकून लॉगिन, ओटीपी, पाय चार्ट आणि "आजचा टॉप कारागीर" असा बिल्ला. कारागीर भला माणूस, म्हणाला, "अच्छा है." तो सगळ्यालाच अच्छा है म्हणत होता. पोरं इंजिनीअर, वर्ग त्यांचा, वाईट कशाला बोलायचं? म्हणून तर विचारायचं नसतं, करायला द्यायचं असतं. त्याने चाळीस लिहायला बोट पुढे केलं, थांबला आणि म्हणाला, "ये ठेकेदार भरेगा कि हम?"

वर्ग चिडीचूप. चार गटांपैकी एकानेही हे ठरवलं नव्हतं! आकडा भरणार कोण आणि नंतर तो बदलू शकणार कोण, यावर त्या माणसाचा पगार अवलंबून आहे. आणि आमची पोरं पाय चार्टला रंग देत होती.

मग ताईंनी दुसरा सुरुंग लावला. त्या पीस मोजतच नाहीत, बंडल मोजतात. माल बंडलने येतो, बंडलने जातो. फोन मुलाकडे असतो, तो रात्री घरी येतो, त्यामुळे दिवसभराचा हिशोब कॅलेंडरवर रेघा मारून ठेवतात. म्हणजे प्रत्येक पीसला बटण दाबा हा सगळा खेळच बाद. रात्री एकदाच, "आज इतके बंडल", आणि अल्टरला परत आलेले पीस वेगळे. दुसऱ्या तासाच्या शेवटी जो स्क्रीन तयार झाला त्यात दोनच मोठे आकडे होते. माझा हिशोब आणि ठेकेदाराचा हिशोब, शेजारी शेजारी. जुळले नाहीत तर लाल. एकदा भरलेला आकडा बदलला तर जुना खाली खोडलेला दिसायलाच हवा, ही कारागिराची अट. बिल्ला-बिल्ला सगळं गेलं.

या स्क्रीनला कोणी सौंदर्यस्पर्धेत बक्षीस देणार नाही. पण त्या वीस पोरांना एक गोष्ट कळली जी मला नोकरीत दोन वर्षं घासल्यावर कळली: स्क्रीन कोणाच्या तरी बाजूचा असतो. कोणाला काय दिसेल, कोण काय बदलेल, हे ठरवणारा माणूस बाजू घेतच असतो. न विचारता काढलेला स्क्रीन बहुतेक वेळा पैसे देणाऱ्याच्या बाजूचा निघतो.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ.

"सिलॅबस कधी संपवायचा?" स्क्रीनशॉट चिकटवण्याची दोन प्रॅक्टिकलं रद्द करा. कोणी रडणार नाही.

"वापरणाऱ्याला काय हवं ते त्यालाच कळत नाही." निम्मं खरं आहे. उपाय काय हे तो शब्दांत सांगू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण त्याचं काम काय आहे हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही. म्हणून कागद द्या आणि बघा.

"दहा जणांनी मिळून डिझाइन होत नाही, खिचडी होते." बरोबर. शेवटची रेघ एकानेच मारावी, मतदान घेऊ नये. पण ती रेघ मारण्याआधी खरं काय आहे ते दहा जणांत बसूनच कळतं. नील्सनचे नियमही कामाला येतात, नाही असं नाही. आकडा चुकला तर मागे कसं जायचं, अक्षर केवढं ठेवायचं, तिथे येतात. पण ते नंतर. आधी कोणाचा आकडा, ते ठरवा.

"आमच्याकडे डिझाइन थिंकिंगचं वर्कशॉप होतं की!" हो, बघितलीत. एसी हॉल, भिंतीवर रंगीबेरंगी चिठ्ठ्या आणि एक काल्पनिक राहुल, वय २५, आवडी प्रवास आणि कॉफी. हॉलच्या दारात चहाचा ट्रे घेऊन खराखुरा माणूस उभा असतो, त्याला कोणी विचारत नाही. फोटो मात्र छान येतात.

आणि सगळ्यात ताजा आक्षेप: "आता एआय मिनिटात वीस स्क्रीन काढून देतं, हे सगळं कशाला शिकायचं?" अरे, म्हणूनच तर शिकायचं! स्क्रीन काढणं फुकट झालंय. ईमेल लॉगिन आणि पाय चार्टवाला स्क्रीन एआय आमच्या पोरांपेक्षा देखणा काढेल. "ठेकेदार भरेगा कि हम" हा प्रश्न त्याला आपणहून पडेल याची मला खात्री नाही. तो पडला तो जाऊन बसलेल्या माणसामुळे. पुढच्या दहा वर्षांत आपल्या पगाराला कारण काही उरलं तर हेच उरेल.

कॉलेजच्या शिक्षकांवर सगळं ढकलायचं नाहीये मला. पेपर काढणारा जर "दहा नियम लिहा" विचारत असेल तर बिचाऱ्या मॅडम काय करणार? त्यांच्यामागे प्रवेश, परीक्षा, तपासण्यांची कागदपत्रं, सगळं लागलेलं असतं. दोष आपलाही आहे. आपल्या कंपन्या कॅम्पसला जातात, ॲप्टिट्यूड टेस्ट घेतात, टी-शर्ट वाटतात आणि परत येऊन "फ्रेशर्सना काही येत नाही" म्हणून कँटीनमध्ये गळा काढतात. शिकवायला कोण गेलं होतं?

तेव्हा मागणी साधी आहे. विद्यापीठांनी या विषयाच्या प्रॅक्टिकलला एक अट घालावी: निदान दोन सेशन अशी, ज्यात कॉलेजबाहेरचा, ते काम खरोखर करणारा माणूस वर्गात बसलेला असेल आणि त्याच्या वेळेचे पैसे दिले असतील. मार्क त्या सेशनमध्ये काय बदललं त्याला द्यावेत, फाईलच्या कव्हरला नकोत. ते होईल तेव्हा होईल. तोवर तुमच्या-माझ्यासारख्यांनी एक करावं. आपल्या जुन्या सरांना-मॅडमना फोन करून एक शनिवार मागावा. शंभरातले नव्वद नाही म्हणणार नाहीत. जाताना चार्टपेपर न्या, स्केचपेन न्या, आणि बिल्डिंगचा वॉचमन, इस्त्रीवाला, कुरिअरवाला, जो कोणी रोज आपल्या बनवलेल्या स्क्रीनशी झटापट करतो, त्याला मानाने सोबत न्या. त्याला खुर्ची पुढची द्या. आणि पोरांचे स्क्रीन बघून तो "अच्छा है" म्हणाला की समजा, सेशन अजून सुरूच झालेलं नाही.